उतारावरचा मोहा

मार्चची पहिली तारीख, रविवार, सकाळचे साडेदहा. मंजूर रक्कम चौदा हजार चारशे रुपये. हजर एकसष्ट, त्यांत बाया चौतीस, माणसं सत्तावीस. सत्ताविसांतला एक जण समाजमंदिराच्या खांबाला टेकून झोपला होता. त्याला मी हजर धरलं, कारण तो ठरावाच्या विरोधात आहे असं म्हणायला काही पुरावा नव्हता. जंगलखात्याच्या गार्ड मॅडमही होत्या, पण त्या ग्रामसभेच्या सभासद नाहीत, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या ओळीत.

ग्रामसभेचं रजिस्टर माझ्याकडे असतं. गोंडपिपरीकडच्या एका राईस मिलमध्ये मी अकरा वर्षं मुनीम होतो. आता गावात अडीच एकर धान करतो आणि रजिस्टर लिहितो. धानात चूक झाली तर एकटा बुडतो. रजिस्टरमध्ये चूक झाली तर गावाला वर्षभर हसायला विषय होतो, म्हणून मी रजिस्टरला जास्त जपतो.

गावामागे पहाडी आहे. पायथ्यापासून अर्ध्या उतारापर्यंतचं जंगल सामूहिक वनहक्कात गावाच्या ताब्यात आलं आहे. त्याच्या वर सरकारचं राखीव जंगल लागतं. मधे दगडांवर पांढरा पट्टा मारला आहे. माणसांना तो दिसतो, आगीला दिसत नाही. आणि आग आमच्याकडे दरवर्षी मोहानं लागते. मोहाची झाडं घराघराला वाटलेली आहेत, आज्या-पणज्यापासून. मार्च लागला की ज्याने त्याने आपल्या झाडाखालचा पाला पेटवून जमीन काळी-स्वच्छ करायची, म्हणजे पहाटे पडलेलं पिवळं फूल नजरेला सापडतं. मागच्या वर्षी अशाच एका जाळलेल्या पाल्याची आग वर चढली आणि दोन दिवस उतरलीच नाही. चाराची, म्हणजे चारोळीची, रोपं गेली, बांबूची कोवळी बेटं गेली. राखीव जंगलातही ती बरंच आत गेली, आणि किती आत गेली हे मॅडमनी आम्हाला चालवत नेऊन दाखवलं होतं.

"मोहा वेचू नका असं मी म्हणतच नाही," मॅडम सभेत म्हणाल्या. "फक्त पेटवू नका."

"मंग पाला हातानं सारू का?" मागून एक बाई बोलली. "एका झाडाखाली किती पाला पडते, येऊन पाहा एकडाव."

"पाहिलं. परवा दोन झाडांखाली मी स्वतः झाडून पाहिलं."

"मंग?"

"मग काल मी रजेवर होते."

सभा हसली. हसण्यात विरोध थोडा सैल झाला, तेवढ्यात मी जाळीचा प्रस्ताव मांडला. नर्सरीवर टाकतात तशी हिरवी जाळी झाडाखाली ताणून बांधायची. फूल जाळीवर पडेल, पाला जाळायचं कारण उरणार नाही. उतारावर बत्तीस झाडं. खडूनं फरशीवर मी वर्तुळ काढलं: झाडाच्या घेराची त्रिज्या चार मीटर, एका झाडाला पन्नास चौरस मीटर जाळी, बत्तीस झाडांना सोळाशे, नऊ रुपयांनी चौदा हजार चारशे. खरं तर पन्नासावर पाव चौरस मीटर आणखी येतं. ते मी सोडलं, आणि ते सोडल्याचं रजिस्टरमध्ये लिहिलं.

सगळे हो म्हणाले, एक सोडून. माझ्या घरामागे एक म्हातारी राहते, तिला मी काकू म्हणतो. तिच्या मते ती साठीची आहे, रेशन कार्डाच्या मते अडुसष्टची. मी कार्डाचं धरतो. घरात एकटी. उतारावरची सर्वांत वरची चार झाडं तिची. त्यांच्या मोहावर तिचं वर्षाचं तेल-मीठ आणि पावसाआधी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरणं चालतं.

"माह्या सासूनं पाला जाळला, तिच्या सासूनं जाळला," काकू म्हणाली. "पहाडी गेली का कुठी?"

"काकू, मांगच्या साली तुह्याच झाडाखालून आग वर गेली."

"वर गेली. खाली आली का?"

तिनं पुढचा प्रश्न केला. "आन् तुह्या जाळीनं मोहा कमी भेटला त?"

"कमी भेटणार नाही."

"भेटला त?"

"तर मी भरून देईन."

"लिव्ह."

मी लिहिलं. दुसऱ्यांचे शब्द मिलमध्ये अकरा वर्षं आणि वर ग्रामसभेत आठ वर्षं लिहून घेतलेल्या माणसाला स्वतःचा शब्द लिहायला किती जड जातं ते त्या दिवशी समजलं. मागच्या वर्षी काकूचा वाळला मोहा एकशे बारा किलो भरला होता, मीच तोलला होता. त्याहून जितका कमी पडेल तितक्याचे चाळीस रुपये किलोनं लिहिणाऱ्यानं स्वतःच्या खिशातून द्यावेत. काकूनं अंगठा दिला. मग कनवटीची काडीपेटी काढून सभेला दाखवली आणि परत कनवटीला खोचली.

"पेटवत नाई," ती म्हणाली. "पन टाकूनबी देत नाई."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "स्वतःच्या खिशातून म्हने! तुमच्या खिशाले मी ओळखते. तो माह्या डब्यातून भरते."

जाळी मी चंद्रपुराहून दोन खेपांत आणली. पहिल्या खेपेला कंडक्टरनं गुंडाळ्यांकडे बघून विचारलं, "काय भाऊ, आख्खं शेत लपेटून आणलं का?" आणि लगेजचं तिकीट फाडलं. लगेजचे पैसे ठरावात धरलेले नव्हते, ते मी भरले. जाळी अंथरायला गाव आलं, खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. संध्याकाळपर्यंत उतार असा हिरवा दिसायला लागला की खालून जाणाऱ्या गायी थांबून बघत होत्या.

एक बारीक गोष्ट राहिली होती. दोन झाडांच्या जाळ्यांमधे वीतभर फट राहत होती. फटीत पडणारं फूल वाया जाणार, हे मला बघवेना. मी दाभण आणि सुतळी घेतली आणि वरपासून खालपर्यंत जाळ्या एकमेकींना शिवून टाकल्या. वर काकूची चार झाडं, त्यांच्या बरोबर खाली माझ्या साळ्याची पाच. साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच गावात राहतो. नऊ झाडांची एक सलग चादर तयार झाली. मी लांबून बघितलं आणि मला फार समाधान वाटलं.

मोहा पहाटे पडतो. पहिल्या मोठ्या पडीच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चढलो. काकूच्या जाळीवर फुलं होती बेचाळीस. मी मोजली, कारण मोजण्याजोगीच होती. खाली साळ्याच्या जाळीच्या शेवटच्या काठाला मात्र पिवळा ढीग लागला होता, आणि साळा त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

"भाऊजी, देव पावला!"

देव नव्हता, उतार होता. ओलं मोहफूल गोल, रसानं टणक. मातीवर पडलं तर तिथंच बसतं. ताणलेल्या नायलॉनवर पडलं तर गोटीसारखं घरंगळतं, आणि मी शिवलेल्या चादरीवरून त्याला थांबवणारं काहीच नव्हतं. मिलची फरशी सपाट होती. अकरा वर्षं तिच्यावर काढल्यावर मी पहाडीसुद्धा सपाट धरली होती.

"हा मोहा माहा हाय," काकू म्हणाली.

"काऊन? ज्याच्या झाडाखाली पडला त्याचा मोहा, हा नियम तुह्या सासूच्या सासूपासून हाय ना?" साळा म्हणाला. "मंग हा माह्या झाडाखाली हाय."

"पडला वरती. आला खाली."

"मोहा काई पाय घेऊन पैदा झाला का चालाले?"

मी मध्यस्थी करायला गेलो, तशी तिसऱ्या झाडाखालून एक बाई बोलली, "मुनीमजीनं साळ्याले मोठ्ठा आंदण देल्लं, बापा!" सगळे हसले. काकू हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत मी मुनीम नव्हतो, साळ्याचा भाऊजी होतो. मी तो ढीग तोलला, एकोणीस किलो ओला, आणि रजिस्टरमध्ये "वादातला" म्हणून लिहिला. साळा तो घरी घेऊन गेला. वादातला माल ठेवायला ग्रामसभेकडे जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच. तेवीस किलो, सगळा खाली. यावेळी काकू ढिगाजवळ मांडी घालून बसली आणि एकेक फूल तोंडात टाकू लागली.

"हा माहा. हा तुहा. हा माहा. हाबी माहाच."

"काहीबी सांगून राह्यली!" साळा म्हणाला.

आमच्याकडे माणसं प्रत्येक झाडाच्या मोहाची चव वेगळी सांगतात. पण सांगणं वेगळं आणि हिशोबात धरणं वेगळं. मी म्हटलं, परीक्षा घेऊ. साळ्यानं काही काकूच्या झाडांवरून, काही स्वतःच्या झाडांवरून अशी दहा फुलं तोडून आणली. सागाच्या पानावर ओळीनं मांडली आणि मी प्रत्येकाचा मालक कागदावर लिहून कागद घडी केला. काकूनं नऊ बरोबर सांगितली. दहाव्याला तिनं तोंड वाकडं केलं.

"हा आमच्या दोघायचाबी नाई. हा नाल्याकडचा हाय, कडू."

कागदावर ते साळ्याच्या नावावर होतं. मी साळ्याकडे पाहिलं. साळा पहाडीकडे पाहू लागला. नाल्याकडून येताना एक फूल खिशात होतं, ते त्यानं मुद्दाम घातलं होतं. म्हणजे दहापैकी दहा.

"बरं, चव समजली," साळा म्हणाला. "वजन थोडी समजते?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी एक किलो मोजून पाहिला. चारशे फुलं भरली. वीस किलोची आठ हजार. मिनिटाला सहा चाखली तरी बावीस तास लागतात, आणि चाखलेला माल परत करता येत नाही. काकूला हे सांगितलं. ती उठली, पदर झटकला.

"मले काई चाखत बसाचं नाई. सकाऊन मी माही जाळी काढतो न् पाला पेटवतो. कवेलू काई तुह्या रजिस्टरचे टाकू का घरावर?"

तिनं पेटवलं की बाकीचे थांबणार नव्हते. जाळीवरचा अर्धा विश्वास तिच्या भांडणानं आधीच उडाला होता. आणि पहाडी त्या आठवड्यात अशी वाळली होती की चालताना पानं काचेसारखी फुटत.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी निघालो, रजिस्टरची पिशवी खांद्याला. वर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. काकू माझ्याआधी आलेली. एका झाडाखालची जाळी तिनं बाजूला सारली होती, पाल्याचा ढीग घातला होता, आणि हातात काडीपेटी धरून ती दगडामागे बसली होती.

"काकू, ऐक..."

"चूप!" तिनं मला हाताला धरून खाली ओढलं. "खाली अस्वल हाय."

होतं. साळ्याच्या जाळीच्या शेवटच्या काठाला, जिथं नऊ झाडांचा मोहा येऊन साठत होता, तिथं एक काळं धूड बसून दोन्ही पंजांनी तोंडात भरत होतं. फुरफुर आवाज वरपर्यंत येत होता. आम्ही दोघं दगडाला चिकटून बसलो. अस्वलानं माणसाला कसं फाडलं याच्या तीन गोष्टी मला माहीत आहेत, त्या तिन्ही एकदम आठवल्या. काकू मात्र वाकून बघत होती.

"माहाच खाऊन राह्यला," ती कुजबुजली.

"तुला इतक्या लांबून काय कळतं?"

"तो गोडच निवडते. पाहा ना, तुह्या साळ्याचा थुकून राह्यला."

ते थुंकत होतं का, मला दिसलं नाही. मी डोळे मिटले होते. अर्ध्या तासानं ते उठलं, जाळीत नख अडकलं म्हणून चिडलं, हातभर जाळी फाडली आणि बाजूनं चढून पांढऱ्या पट्ट्याच्या वर राखीव जंगलात निघून गेलं. काकूच्या हातातली पेटी अजून बंद होती. अस्वल असताना पेटवायला ती वेडी नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

मग खालून साळा आला, त्याच्यामागे आणखी पंधरा-वीस जण, आणि गार्ड मॅडम. साळ्यानं रिकामा काठ बघितला, फाटलेली जाळी बघितली, आणि डोक्याला हात लावला.

"मॅडम, नुकसानभरपाई!"

"गाय-बैल मारला तर अर्ज आहे," मॅडम म्हणाल्या. "धान खाल्लं तर अर्ज आहे. जंगलातल्या अस्वलानं जंगलातला मोहा खाल्ला, याचा अर्ज मी अजून पाहिला नाही."

साळा माझ्याकडे वळला. "मंग ग्रामसभा भरून देईन. जाळी ग्रामसभेची."

"ग्रामसभा का म्हणून भरेल? मोहा तर तुझा, तूच म्हणत होतास."

"माहा एकट्याचा कसा?" साळा तावातावानं म्हणाला. "निम्मा त काकूच्याच झाडाचा हाय! घरंगळून येते ना खाली, सारं गाव पाहून राह्यलं! मी एकटा काऊन सोसू नुकसान? निम्मं तिचं, निम्मं माहं!"

मी पिशवीतून रजिस्टर काढलं, दगडावर ठेवलं, त्याचं वाक्य शब्दाला शब्द उतरवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. रागात होता, सही करून मोकळा झाला. मग मी मोठ्यानं वाचून दाखवलं: खालच्या काठाला साठणाऱ्या मोहातला निम्मा मोहा काकूचा. आणि पुढे तोंडी जोडलं: हे आजचं तसंच कालचं आणि परवाचं.

"कालचं मी कुठी म्हणलो?"

"काल उतार नव्हता का?" मी विचारलं.

आधी त्याची बहीण हसली, म्हणजे माझी बायको. मग थांबवायला कोणी उरलं नाही. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

फाटलेली जाळी विणायला तलावात मासे धरणारे एक वडीलधारे भाऊ पुढे आले. त्यांचीही दोन झाडं बाजूला आहेत. सुई चालवता चालवता त्यांनी माझी शिवण बघितली.

"हे कोनं शिवलं?"

"मी, भाऊ."

"जाळं टाकाच्या आधी पानी कुठी जाते ते पाहा लागते गा. तू कागद पाह्यला." त्यांनी कोयत्यानं माझी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. मग वाळल्या बांबूचे तुकडे मागवले आणि प्रत्येक झाडाच्या जाळीच्या खालच्या काठाखाली एकेक आडवा सरकवला. काठ वीतभर उचलला गेला, सुपासारखा. "आता घे. नाल्यात मासा अडवतो तसाच अडवाचा."

सगळ्या बत्तीस झाडांखाली तसं करायला दुपार झाली. दुसऱ्या पहाटे काकूच्या सुपात काकूचा मोहा होता आणि साळ्याच्या सुपात साळ्याचा. अस्वलाचं म्हणाल तर त्याला आता सगळा मोहा एका ठिकाणी मिळेना, म्हणून ते प्रत्येकाकडून थोडा थोडा घेऊ लागलं. याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

त्या हंगामात आमच्या उतारावर पाला पेटला नाही. पहाडीच्या पलीकडच्या अंगाला एक दिवस धूर दिसला. आमच्या बाया झाडू-फाटे घेऊन गेल्या, पांढऱ्या पट्ट्याजवळ आग विझवली आणि येताना मॅडमना ऐकवलं की उद्या आम्हीही रजेवर.

अठरा एप्रिलला, मोहा वाळून झाल्यावर, मी काकूच्या ओसरीवर काटा लावला. तिची स्वतःची वेच सत्त्याण्णव किलो. पहिल्या दोन दिवसांचा वादातला ओला बेचाळीस किलो; त्याचा निम्मा एकवीस. ओला तीन किलो वाळला की एक किलो होतो, म्हणजे साळ्यानं सात किलो आणून दिला. देताना पोतं जरा जोरात आपटलं, पण वजन बरोबर होतं. एकूण एकशे चार. अस्वलानं तिसऱ्या दिवशी खाल्लेला कोणाच्याच नावावर धरला नाही. एकशे बाराला आठ किलो कमी. चाळीसनं तीनशे वीस रुपये.

मी नोटा मोजून दिल्या. बायको कुंपणापलीकडून बघत होती, कारण डबा तिचा होता. काकूनं नोटा घेतल्या, मोजल्या, आणि दहाची एक परत माझ्यापुढे केली.

"हे काय?"

"मी चाखला ना मोहा, ढिगापाशी बसून. पाऊन किलो त आरामात खाल्ला असन. खाल्ला तो मले भेटलाच ना."

पाऊण किलो ओला म्हणजे पाव किलो वाळला, म्हणजे दहा रुपये. तिचं गणित बरोबर होतं. मी नोट घेतली. मग तिनं कनवटीची काडीपेटी काढली आणि काट्याच्या पारड्यात टाकली.

"हे ठेव तुह्याजवळ. मले पहाडीवर नाई लागत आता, चुलीले घरी दुसरी हाय."

मी ती पिशवीत घालायला लागलो.

"फुकट नाई देत," ती म्हणाली. "दोन रुपये."

पेटीत काड्या एकतीस होत्या, भरलेली नव्हती. मी ते बोललो नाही, दोन रुपये दिले. काडीपेटी रजिस्टरमध्ये ग्रामसभेच्या नावानं जमा केली आणि खर्च माझ्या नावानं लिहिला.

शेवटी एकूण दिले: रुपये तीनशे बारा, काकूला. अंगठा घेतला.